मोबाईल आणि ॲपमुळे आपलं रोजचं जगणं सोपं झालं की माणसं एकमेकांपासून तुटली? कॉम्प्युटरची आवड असलेल्यांना काय वाटतं?

माणसं तुटली असं मला वाटत नाही. पण कितीतरी माणसं मिंधी झाली, हे मी रोज डोळ्यांनी बघते. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथूनच द्यायचं आहे, आणि ते थोडं लांबेल.

आधी माझ्याबद्दल दोन शब्द, नाहीतर मोबाईलला वैतागलेल्या कुणाचं तरी हे गाऱ्हाणं आहे असं वाटायचं. १९९८ साली दिवाळीच्या आधी बाबांनी पतपेढीतून कर्ज काढून मला कॉम्प्युटर घेऊन दिला. आम्ही परळच्या चाळीत राहायचो. ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर लागोपाठ तीन शनिवार हिंडलो, दुकानादुकानातून हाताने लिहिलेली कोटेशनं गोळा केली आणि शेवटी सेलेरॉन प्रोसेसर, ३२ एमबी रॅम, ४.३ जीबीची हार्ड डिस्क असं जुळवून घेतलेलं यंत्र टॅक्सीने घरी आणलं. मॉनिटर मी मांडीवर धरला होता. पहिल्याच महिन्यात मी त्याचा डबा स्क्रू काढून उघडला, रॅम काढली, पुन्हा बसवली. दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या आपोआप मिटल्या तेव्हा जो बारीकसा आवाज आला, तो मला अजून आठवतो. तेव्हापासून माझं पोट याच यंत्रांवर भरतंय आणि मन पण. त्या काळी मराठीत टाइप केलेली फाइल मैत्रिणीच्या मशीनवर नेली, की तिच्याकडे तो फॉन्ट नसायचा आणि सगळ्या मजकुराचा चिखल व्हायचा. आज युनिकोडमुळे, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळ्या यंत्रांवर एकच ठरलेला क्रमांक असल्यामुळे, आजीने पाठवलेला ‘ळ’ नातवाच्या फोनवर ‘ळ’च दिसतो. हे ज्यांनी चिखलाचे दिवस पाहिले, त्यांनाच कळेल किती मोठं आहे ते.

तर काय मिळालं, ते आधी मोकळेपणाने सांगते.

आमच्या नाक्यावर कोथिंबीर-मिरची विकणाऱ्या एक ताई बसतात. त्यांना अक्षरओळख नाही. यूपीआय २०१६ साली सुरू झालं आणि पुढे दोन-तीन वर्षांत त्यांच्या पाटीलाही तो काळा-पांढरा चौकोन चिकटला. पण सुरुवातीला त्यांना त्याची धास्तीच वाटायची. गिऱ्हाईक फोन दाखवून म्हणायचं, ‘गेले बघा पैसे.’ ताई मान डोलवायच्या, दुसरं काय करणार? रात्री मुलगा हिशेब करायचा तेव्हा पन्नास-साठ रुपये कमी भरायचे. कुणीतरी कालचाच फोटो दाखवून गेलेलं असायचं. मग तो बोलणारा डबा आला. लोकांना वाटतं, डबा गिऱ्हाइकाच्या फोनशी बोलतो. तसं नाही. त्याच्या पोटात स्वतःचं सिमकार्ड असतं. पैसे खरोखर जमा झाले की सेवा देणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरकडून त्याला निरोप येतो आणि मगच तो तोंड उघडतो. गिऱ्हाइकाच्या हातातल्या फोनवर काय दिसतंय, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. आता ‘वीस रुपये मिळाले’ असं मराठीत ऐकू आलं, की ताई वर न बघता जुडी पिशवीत टाकतात. वाचता न येणाऱ्या बाईला कुणाच्या शब्दावर विसंबावं लागत नाही. माझ्या मते गेल्या दहा वर्षांत सामान्य माणसाच्या हाती आलेल्या यंत्रांत त्या डब्याचा नंबर फार वरचा आहे.

२०२५ च्या ऑगस्ट महिन्यात यूपीआयचे व्यवहार २००० कोटींच्या वर गेले, तेही एकाच महिन्यात. ज्या संस्थेने ही व्यवस्था उभी केली, त्या नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनचं मुख्यालय आपल्या वांद्रे-कुर्ला संकुलात आहे, याचा मला मुंबईकर म्हणून अभिमान आहे. कोणतीही बँक, कोणतंही ॲप, आणि चौकोन मात्र एकच, ही मूळ कल्पनाच फार शहाणपणाची होती. पण ताईंच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, ती माझ्या मुद्द्याला धरून आहे. त्यांच्या बसायच्या पोत्याखाली सुट्ट्या पैशांची पिशवी अजून आहे. ज्याला फोन काढायचा नाही, तो दहाची नोट देतो आणि जुडी घेऊन जातो. नवी वाट आली म्हणून जुनी कुणी बुजवली नाही.

लोकलच्या तिकिटाचंही तेच. माझ्या लहानपणी पुठ्ठ्याचं जाड तिकीट होतं. मग कुपनांचं पुस्तक आलं, ते भिंतीवरच्या यंत्रात घालून छाप मारायचा. मग स्मार्ट कार्ड आणि एटीव्हीएम, म्हणजे आपलं तिकीट आपणच काढायचं यंत्र, मग रेल्वेचं यूटीएस ॲप, आता रेलवन ॲप. दर वेळी मी पहिल्या रांगेत होते, नवीन काही आलं की मला राहवतच नाही. एटीव्हीएम बसल्या तेव्हा मात्र एक गंमत नव्हे, शिकण्यासारखी गोष्ट झाली. यंत्रं मोकळी आणि खिडकीवर ही रांग. लोकांना आधी स्टेशन, मग माणसं, मग एकेरी की रिटर्न, हे स्क्रीनवर दाबत बसायचा धीर नव्हता, मागचा ओरडेल ही भीती. रेल्वेने काय केलं, तर आपलेच सेवानिवृत्त कर्मचारी कमिशनवर त्या यंत्रांपाशी उभे केले. तुम्ही नुसतं ‘दादर रिटर्न’ म्हणायचं, त्यांची बोटं सराईतपणे चालतात आणि तिकीट हातात. खिडकी उघडी ठेवली, यंत्र आणलं आणि यंत्रापाशी माणूस उभा केला. रोजच्या वापरातलं तंत्रज्ञान कसं आणावं, असं कुणी मला विचारलं तर मी त्याला स्टेशनवर नेऊन हेच दाखवीन.

आता जिथे असं होत नाही, तिथलं सांगते.

आमची चाळ पाडून टॉवर झाला. समोरच्या खोलीतले तात्या आता माझ्या मजल्यावर समोरच्या फ्लॅटमध्ये राहतात. रेल्वेच्या परळ वर्कशॉपमध्ये ते छत्तीस वर्षं फिटर होते. पेन्शन येतं. पेन्शनवाल्याला दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो, म्हणजे आपण जिवंत आहोत हे कळवावं लागतं. पूर्वी बँकेत जायचं, साहेबासमोर सही करायची, झालं. २०१४ च्या नोव्हेंबरपासून ‘जीवन प्रमाण’ आलं. आधार क्रमांक, बोटाचा ठसा, आणि दाखला थेट पेन्शनच्या कार्यालयात. कल्पना उत्तम. गावी राहणाऱ्याला, अंथरुणाला खिळलेल्याला तर मोठाच आधार.

पण तात्यांच्या बोटांवर ठसे उरलेले नाहीत. छत्तीस वर्षं लोखंड, कानस आणि रॉकेल. माझ्या हातात त्यांनी एकदा हात दिला होता, बोटांची टोकं कागदासारखी गुळगुळीत. तीन वर्षांपूर्वी ते बँकेत गेले, यंत्राने पाच वेळा नाही म्हटलं. त्यांनी कागदी फॉर्म मागितला. काउंटरवरच्या मुलाने सांगितलं, ‘कागद नाही घेत आता, ऑनलाइनच करा.’ हे साफ चूक होतं. कागदी दाखला नियमाने चालत होता, आजही चालतो. खिडकी नियमात उघडी होती, काउंटरवर मात्र बंद. तात्या दोनदा परत आले. तिसऱ्यांदा गेलेच नाहीत, माझं दार वाजवलं. ‘तुला वेळ असला तर’, असं म्हणून उंबऱ्याबाहेरच उभे. ज्यांनी मला लहानपणी खांद्यावर बसवून गणपती दाखवले, ते उंबऱ्याबाहेर!

चेहऱ्यावरूनही दाखला काढता येतो, ही सोय २०२१ पासून आहे. दोन ॲप लागतात, आधी दाखला काढून देणारी म्हणून माझा चेहरा, मग त्यांचा. मी त्यांना गॅलरीत खुर्चीवर बसवलं, कारण पाठीमागे खिडकी असली की चेहरा काळा येतो. स्क्रीनवर इंग्रजीत सूचना आली, डोळ्यांची उघडझाप करा. ती त्यांना कळेना. ते आपले ओळखपत्राच्या फोटोला बसावं तसे ताठ, पापणी न लवता बघत राहिले. वर्तुळ लाल. पुन्हा. पुन्हा लाल. मी म्हटलं, ‘तात्या, डोळे मिटा, उघडा.’ त्यांनी मिटले ते मिटूनच ठेवले. मग मी समोर बसून स्वतःच्या डोळ्यांची उघडझाप करून दाखवली, त्यांनी माझ्याकडे बघून केली, आणि वर्तुळ हिरवं झालं. थोड्या वेळाने मेसेज आला. त्यांनी तो दोन्ही हातांत धरून वाचला आणि विचारलं, ‘म्हणजे आता मी आहे ना?’

संध्याकाळी पेढे घेऊन आले. मला ते पेढे गोड लागले नाहीत. स्वतःच्या घामाचं पेन्शन चालू राहावं म्हणून माणसाने शेजारच्या मुलीला पेढे द्यायचे? मिंधेपणा म्हणते तो हा. पैशाचा नाही, वेळेचा. कुणाला वेळ असेल तेव्हा, कुणाच्या मूडप्रमाणे, कुणाच्या बोटाने. घराघरात आईवडील मुलाच्या तोंडाकडे बघत असतात, हा आता चिडणार की करून देणार? गॅसचा नंबर लावायचा, विजेचं बिल, डॉक्टरची वेळ, सगळीकडे ओटीपी, आणि ओटीपी वाचून दाखवायला दुसरा कुणीतरी. अशा माणसाला एक सवय लागते, फोनवर कुणी अधिकाराने बोललं की सांगेल ते करायची. ही सवय कुणाच्या कामी येते, ते पुढच्या गोष्टीत बघा.

त्याच मजल्यावर काकू राहतात, एकट्या. मुलगा परदेशी. एके सकाळी त्यांना व्हिडिओ कॉल आला. समोर पोलिसाच्या वर्दीतला माणूस. तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडलेत, तुम्हाला ‘डिजिटल अरेस्ट’ केलंय, कॅमेऱ्यासमोरून उठायचं नाही, कुणाशी बोलायचं नाही, दार उघडायचं नाही. काकूंनी फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला आणि पलंगाच्या कडेवर अडीच तास बसून राहिल्या. मध्ये पाणीसुद्धा प्यायल्या नाहीत, कारण तो बघत होता. मांडीवर पासबुक.

अकरा वाजता त्यांच्याकडे काम करणाऱ्या मावशी गेटवर आल्या. आमच्या गेटवर ॲप आहे. बाहेरचं माणूस आलं की घरच्यांच्या फोनवर सूचना जाते, त्यांनी होय म्हटलं की आत सोडायचं. काकूंच्या फोनवर तर तो वर्दीवाला बसलेला. होकार येईना. नियमाप्रमाणे मावशींनी परत जायला हवं होतं. पण वॉचमन आमच्या चाळीच्या काळापासूनचा. तो म्हणाला, ‘काकू उत्तर देत नाहीत असं होत नाही, तुम्ही वर जा बघू.’ तात्यांकडे काकूंची जादा किल्ली असते, ही चाळीतली सवय टॉवरमध्येही सुटलेली नाही. मावशींनी ती घेतली, दार उघडलं, काकूंचा चेहरा बघितला आणि एक शब्द न बोलता फोन पालथा घातला. मग त्या माझ्याकडे धावत आल्या. मी गेले तेव्हा काकू थरथरत होत्या आणि पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, ‘त्यांना सांगा मी उठले नव्हते.’ पैसे गेले नव्हते. आणखी अर्ध्या तासाने गेले असते.

इथे वाचणाऱ्या सगळ्यांनी घरच्यांना एवढं सांगून ठेवा. ‘डिजिटल अरेस्ट’ नावाची गोष्ट आपल्या कायद्यात नाही. व्हिडिओ कॉलवर कुणी कुणाला अटक करत नाही. यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच लागत नाही. आणि पैसे गेलेच, तर बँकेत जायची तयारी करत बसू नका, आधी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीसाठीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लावा. जितक्या लवकर कळवाल, तितकी ते पैसे वाटेत अडवायची शक्यता जास्त.

या प्रकरणानंतर मी गेटच्या ॲपमध्ये मावशींची नोंद उघडून बघितली. त्या किती वाजता आल्या, किती वाजता गेल्या, कुठल्या मजल्यावर किती वेळ, वर्षभराचं सगळं. आणि वर दोन स्टार. कुणीतरी लिहिलं होतं, ‘उशिरा येते.’ मावशींना अशी काही नोंद आहे याचा पत्ताच नव्हता. त्यांनी आमच्यातल्या कुणाला किती स्टार द्यावेत, याची सोय अर्थातच नव्हती. त्या नालासोपाऱ्याहून लोकलने येतात, गाडी थांबली की उशीर होतो. दुसऱ्या घरच्या बाईंनी त्यांना काम देण्याआधी ते दोन स्टार बघितले असते, तर मावशींना नकाराचं कारणही कधी कळलं नसतं.

मी हा विषय सोसायटीच्या वार्षिक सभेत काढला. सेक्रेटरी म्हणाले, ‘आपण काय करणार, ते सॉफ्टवेअरमध्येच आहे.’ मला या एका वाक्याचा खरंच संताप येतो. सॉफ्टवेअरमध्ये आपोआप काहीही नसतं. कुणीतरी बसून ठरवलेलं असतं, म्हणून ते असतं. मी सेटिंग उघडून दाखवलं, स्टार देण्याची सोय बंद करता येत होती. दोन सभा आणि बरीच बोलाचाली झाल्यावर ती बंद झाली. गेटवर येणाऱ्या-जाणाऱ्यांची वहीसुद्धा परत आली, आणि फोन लागला नाही तर ओळखीच्या माणसाला वॉचमनने स्वतःच्या अंदाजाने सोडावं, असं ठरावात लिहून घेतलं. त्या वहीचा मला फार आनंद झाला.

व्हॉट्सॲपबद्दलही लोक हेच म्हणायचे, अफवा पसरतात त्याला काय करणार. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी आलीय या अफवेवरून जमावाने पाच जणांना ठेचून मारलं. ती नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षा मागत फिरणारी माणसं होती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल असं केलं. म्हणजे करता येत होतं. ते बटण आधीच तसं ठेवता आलं असतं. मारणारे हात जमावाचे होते, त्यांचा दोष कुणी फोनवर ढकलू नये. पण वणवा पेटायला वाराही लागतो, आणि त्या वाऱ्याचा वेग कुणीतरी टेबलावर बसून ठरवला होता.

लोकलमध्ये सगळे मान खाली घालून फोनमध्ये असतात, याचं मात्र मला कधी वाईट वाटलं नाही. पूर्वी मान खाली घालून पेपर वाचायचे. आमच्या ८.१२ च्या बायकांच्या डब्याचा ग्रुप आहे, त्यावर कुणाच्या मुलीचं बाळंतपण, कुणाला रक्त हवं, सगळं कळतं. लोकलच्या वेळा दाखवणारं एम-इंडिकेटर ॲप २०१० साली आपल्याच मुंबईच्या सचिन टेके यांनी काढलं आणि ते बघितल्याशिवाय अर्धी मुंबई घराबाहेर पडत नाही. फोनने माणूस तुटतो म्हणणाऱ्यांनी एकदा त्या डब्यात यावं.

तुम्ही काय करू शकता असं विचारलं नाहीत, तरी सांगते. घरच्या म्हाताऱ्यांचं काम त्यांच्या हातून फोन ओढून घेऊन झटकन करून देऊ नका. मीही आधी तेच करायचे, वेळ वाचायचा. आता हात पाठीमागे बांधते आणि त्यांचं बोट चालू देते. चुकलं तर चुकू दे, दहा रुपयांच्या व्यवहारावर शिकू दे. फोनची भाषा मराठी करा. एका वहीत मोठ्या अक्षरात पायऱ्या लिहून द्या. साध्या बटणांच्या फोनवरूनही यूपीआय चालतं, २०२२ पासून ‘१२३ पे’ आहे, नंबर लावायचा आणि आवाज सांगेल तसं बटण दाबायचं. आणि बँकेत, दवाखान्यात, कुठेही ‘ऑनलाइनच करा’ असं ऐकलंत, तर भांडण न करता नियम विचारा आणि लेखी मागा. बऱ्याचदा खिडकी असते. आपण मागितली नाही की ती गंजून कायमची बंद होते.

तात्यांना यंदा जूनमध्ये ऐंशी वर्षं पूर्ण झाली. ऐंशीच्या पुढच्या केंद्राच्या पेन्शनवाल्यांना नोव्हेंबरची वाट बघावी लागत नाही, १ ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो. त्या दिवशी सकाळी आठलाच बेल वाजवली. ‘तू फक्त उभी राहा’, म्हणाले. खुर्ची स्वतः गॅलरीत ओढली, चष्मा काढून खिशात ठेवला, वही मांडीवर उघडली. ओटीपी एकेक आकडा मोठ्याने म्हणत घातला. वर्तुळ आलं, त्यांनी डोळे मिटले, उघडले. पहिल्याच फेरीत हिरवं. मेसेज आल्यावर त्यांनी फोन खिशात टाकला, वही काखेत मारली आणि काकूंच्या दारात जाऊन उभे राहिले. ‘वहिनी,’ म्हणाले, ‘नोव्हेंबर लागला की तुमचा दाखला मी काढून देतो. बोट मात्र तुमचंच चालेल.’